मोटर लागायच्या आत

मला एका जागी बसवत नाही. हे प्रकरण लिहायला घेतल्यापासून दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले, एकदा कारण नसताना फ्रीज उघडून पाहिला. आमची अक्का म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं हिला खाली पाठवली. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, आणि आबा म्हणजे माझे वडील. आबा असं काही बोलायचे नाहीत. नुसते बघायचे, आणि ते बघणं मला अक्काच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. पुढे मी बरीच वर्षं विमानं चालवली. आता पन्नाशीला टेकले आहे आणि सिम्युलेटरमध्ये बसवून नव्या पोरापोरींना शिकवते. विमान वरून खाली कसं आणायचं, उतरायला कुठून सुरुवात करायची, हा माझा शिकवायचा विषय. 'सावकाश' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडून निघतो. घरी आले की मात्र कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत धीर धरवत नाही. हे सगळं कुठून आलं ते मला माहीत आहे, आणि तेच एकदाचं लिहून टाकायचं आहे.

आमचं घर सावद्याच्या बाहेर, मळ्यातच होतं. तिन्ही बाजूंनी केळी. वारा सुटला की फाटक्या पानांची अशी फडफड चालायची की पाहुणे पहिल्या दिवशी दचकायचे आणि आम्हाला ती ऐकूसुद्धा यायची नाही. आमच्या कानांना सवय होती ती मोटरीची. ओसरीला लागून पुढची खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीच्या बाहेर कडुनिंबाच्या खांबावर मोटरीचा स्टार्टर, आणि तिथून वीस पावलांवर विहीर. आबांनी स्टार्टरचं बटण दाबलं की 'खट्ट' व्हायचं, मग विहिरीतून गुरगुर, आणि त्याच क्षणी घरातला बल्ब पिवळा पडायचा, पंखा मरगळायचा. आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, गावाबाहेरचे सगळेच लटकलेले, त्यामुळे मोटर आणि घर दोघांना पुरेल एवढा जोर विजेत कधी नसायचाच. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "लागली वाटतं," आणि चटणी मिक्सरमधून काढून खलबत्त्यात घ्यायची. दुपारभर लोडशेडिंग असे. चारच्या सुमारास वीज यायची ती घराची आणि मोटरीची एकदमच, आणि दिवेलागणीनंतर थोड्या वेळात परत जायची. तेवढ्यात केळीनं पाणी प्यायचं, पिठाची गिरणी चालायची, टाकी भरायची. त्या वेळाची वाटणी घरात ठरलेली होती आणि तीत माझं नाव कुठेच नव्हतं.

माझं नाव त्यात आलं ते मामामुळे. मामानं जळगावात कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, तो त्यानं आवरला तेव्हा त्यातला एक जुना कॉम्प्युटर रिक्षाच्या टपावर बांधून आमच्या पुढच्या खोलीत आणून टाकला. सोबत जॉयस्टिकचा एक दांडा होता, वर लाल बटण असलेला, कोणी तरी गिऱ्हाईक विसरून गेलेला. आणि आत एक विमानाचा खेळ होता. खेळ म्हणायचा म्हणून. त्यात बंदूक नव्हती, शत्रू नव्हता, जिंकणं नव्हतं. धावपट्टीवर एक विमान उभं असायचं, ते तुम्ही उडवायचं आणि दुसरीकडे नेऊन उतरवायचं, बस. मामाच्या क्लासातली पोरं त्याला कंटाळली होती. मी पहिल्याच दिवशी खुळी झाले. त्यात आमचं सावदा नव्हतं, जळगाव नव्हतं, धुळं नव्हतं. मोठ्या शहरांचे तेवढे विमानतळ होते. पण इंदूरहून निघून औरंगाबादकडे नाक केलं की वाटेत तापी लागायची, हिरव्या कागदावर ओढलेल्या निळ्या रेघेसारखी, आणि मी अकरावी-बारावीत शिकणारी घोडी त्या रेघेपाशी रोज वाकून बघायचे, आपला मळा दिसतो का. दिसायचा नाही. तरी बघायचे.

आबांनी दोन दिवस हा प्रकार ओसरीवरून पाहिला आणि निकाल दिला. "चारला लाईट येते. पाचला मोटर लागेल. मधला वेळ तुझा." आबांच्या तोंडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळच होतं. पण मी कॉलेजातून सायकल हाणत यायचे तेव्हा सव्वाचार झालेले असायचे. हातपाय न धुता बसले तरी उरायचा पाऊण तास. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पाच मिनिटं घ्यायचा. आणि मोटर लागली की विजेचा जोर कमी पडून तो टप्पकन बंद. विमान हवेत असो, जमिनीवर असो, पडदा काळा. तेव्हा काही करून मोटर लागायच्या आत विमान खाली आणायचं, हे माझं रोजचं काम झालं. खेळात वेळ चौपट पळवायची सोय होती, ती वापरून मी इंदूरपासून तापीपर्यंत झपकन यायचे. वारा, ढग वगैरे सगळं बंद करून ठेवलं होतं, उगाच वेळ जातो म्हणून. आणि उतरायची वेळ आली की नाक खाली दाबून विमान दगडासारखं सोडायचे, शेवटच्या क्षणी वर खेचायचे आणि धप्पकन टेकवायचे. चाकं किंचाळायची.

त्यात आबांच्या पाचचा काही नेम नव्हता. एखाद्या दिवशी पावणेपाचलाच 'खट्ट', एखाद्या दिवशी सव्वापाच झाले तरी शांतता. माझी नुसती तगमग व्हायची. कान खिडकीकडे, डोळे पडद्यावर, पाय खुर्चीखाली नाचत असायचे. अक्का शेजारी जमिनीवर सूप घेऊन काही ना काही निवडत बसलेली असायची. तिला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण धप्प झालं की ती रोज न चुकता मोठ्यानं विचारायची, "काय वं उजे, माणसं वाचली का?" मी वैतागून ओरडायचे, "वाचली." विमान आदळून फुटलं असलं तर म्हणायचे, "मेली." आणि त्यानंतर फार वेळ जायचा नाही, बाहेर 'खट्ट' व्हायचं आणि पडदा काळा. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू. दोन वर्षांत एकदाही मोटरीनं मला हवेत गाठलं नाही. आईला मी सांगायचे, बघ, आजही दहा सेकंद आधी उतरवलं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हो का, बरं झालं," आणि भाकर तव्यावर टाकायची.

आबांचं स्वतःचं काम मात्र तासाच्या हिशोबाचं. सावद्याच्या स्टेशनावरून दिल्लीला केळीच्या वॅगनी जायच्या, शिवाय ट्रक निघायचे ते वेगळे. कुठल्या बागेतला घड कुठल्या दिवशी कापायचा हे ठरवण्यात आबांचा हात धरणारा कोणी नव्हता, आसपासचे शेतकरी त्यांना विचारायला यायचे. दिल्लीला जाणारा घड बारा आणेच, म्हणजे पाऊणच भरलेला कापायचा, केळ्याच्या शिरा अजून टोकदार असताना. जवळ जाणार असेल तर जास्त भरू द्यायचा. फळ झाडावर भरतं, पिकतं ते वाटेत, आणि पोचायचं त्या दिवशी ते नेमकं हवं तसं असलं पाहिजे. कोणी येऊन म्हणालं, आबा, माल अमक्या गावाला पाठवतोय, एवढे किलोमीटर आहे, तर आबा चिडायचे. "किती लांब आहे ते मला कशाला सांगतो? पोचायला किती दिवस लागतील ते सांग." मग अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून ते मागे मोजत यायचे. बाजारात ज्या दिवशी विकायचा तो दिवस करंगळीच्या टोकाला, आणि तिथून एकेक पेर मागे येत कापणीचा दिवस. पुढे मोजत जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. केळीच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस, आणि माझ्या पाचचा तेवढा पत्ता नाही, याचा रागही यायचा.

बारावीची परीक्षा झाली आणि मामा धुळ्याहून एक कागद घेऊन आला. तिथे विमान चालवायला शिकवणारी एक संस्था होती. प्रवेशाआधी ते एक चाचणी घेत, सिम्युलेटरवर. मी तो कागद आबांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा ते जेवत होते. आईनं वांग्याचं भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर होती, पातीचा कांदा होता. आबांनी घास संपवला, पाणी प्यायले, कागद वाचला, परत पाणी प्यायले. मला वाटलं हा माणूस आता तांब्या संपवूनच बोलणार. शेवटी म्हणाले, "उडवायचं कोणालाही जमेल. खाली आणायला धीर लागतो. तो तुझ्यात नाही, उज्ज्वला." आबा मला उजे म्हणायचे. पूर्ण नाव घेतलं म्हणजे विषय गंभीर. मी तिथेच भांडायला उठले. दोन वर्षं रोज उतरवतेय, मोटरीच्या आधी उतरवतेय, तुम्ही कधी येऊन बघितलंत का, असं बरंच काही बोलले. आबा मान खाली घालून भरीत खात राहिले. आई मधे पडली. "एकदा जाऊ द्या की तिला. नाही जमलं तर तिलाच कळेल."

आबा कबूल झाले, पण अट घालून. चाचणी एकदाच द्यायची. पास झाले तर धुळ्याला ठेवतील. नापास झाले तर जळगावात बीएस्सीला नाव घालायचं, कॉम्प्युटर मामाला परत, आणि या घरात विमान हा शब्द परत निघायचा नाही. मी हो म्हटलं. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतं. चाचणीला पंधरा दिवस होते. उन्हाळा असा तापला होता की अंगणात बाजेवर घातलेल्या बिबड्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, तासाभरात कडक व्हायच्या. मी कॉम्प्युटरसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेतून उतरायचा नियम पाठ केला. जेवढे हजार फूट खाली यायचं, त्याला तीननं गुणायचं, तेवढे मैल आधी उतरायला लागायचं. सहा हजार उतरायचे तर अठरा मैल. मिनिटाला सहाशे फूट या चालीनं उतरायचं, त्याहून घाई नको. पाठ अगदी चोख होतं. फक्त दांडा हातात घेतला की हात आपलं जुनंच करायचे.

आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो, जळगावला गाडी बदलली. आबांनी इस्त्रीचं पांढरं धोतर-सदरा घातला होता आणि मांडीवर भाकरीचं गाठोडं धरलं होतं. पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी ते सोडलं, ठेचा लावून अर्धी भाकर माझ्या हातात दिली. ती मी रुमालात गुंडाळून ठेवली. आबा खिडकीतून कपाशीच्या रिकाम्या रानांकडे बघत सगळं संपवून मोकळे झाले. धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथले शिकवणारे सोनवणे सर, मूळचे शिंदखेड्याकडचे, अंगानं बारीक, डोक्याला टक्कल. कामाचं बोलताना शुद्ध बोलायचे आणि जरा मोकळे झाले की अहिराणीवर यायचे. सिम्युलेटरला तिथे सगळे 'डबा' म्हणत. खराच डबा होता, एका खोलीत ठेवलेला, आत एक खुर्ची आणि काट्यांनी भरलेली पाटी, समोर पडदा. खोलीत कूलर होता म्हणून सरांनी आबांनाही आत बसायला सांगितलं. "भाऊ, बाहेर कसाले तापतस? या मझार बसा," म्हणाले. आबा माझ्या मागे, भिंतीला लागून स्टुलावर बसले. मला ते नको होतं, पण कसं सांगणार.

सरांनी एक चिठ्ठी हातात दिली आणि वाचूनही दाखवली. आठ हजार फुटांवर आहेस. विमानतळावर पोचताना दोन हजारांवर पाहिजेस. विमानाचा वेग ताशी एकशेदहा मैल. वारा मागून, ताशी चाळीस. "उतरायला कुठे सुरुवात करायची ते तू ठरव. मी बोलणार नाही." झालं, मला तर हेच पाठ होतं. सहा हजार उतरायचे, त्रिक अठरा. मैलांच्या आकड्यावर डोळे लावून बसले, अठरा आले तशी नाक खाली केलं, मिनिटाला सहाशेवर चाल बसवली. काटा अगदी स्थिर. मनात म्हटलं, बघा आबा. आणि मग सहा मैल उरले असताना मी उंचीकडे पाहिलं. चार हजारांवर असायला हवी होते, पाच हजारांच्याही वर होते. कुठे चुकलं ते कळेना. गुणाकार बरोबर, चाल बरोबर, तरी अकराशे फूट उंच. आता थांबून विचार करायचा, एक फेरी मारायची, सरांना सांगायचं, काय वाटेल ते करता आलं असतं. माझ्या कानात 'खट्ट' वाजायला लागलं. खरंच सांगते, त्या कूलरच्या घरघरीत मला स्टार्टर ऐकू येत होता. मी दांडा पुढे ढकलला. विमान दगडासारखं सुटलं, वेगाचा काटा लाल पट्टीत घुसला, डबा थरथरायला लागला, कसलासा भोंगा वाजायला लागला, आणि तरी मी दाबतच राहिले. सरांनी कळ फिरवली. पडदा होता तिथे गोठला.

"कसाले इतली घाई करस व माय?" सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तठे कोनी वाट पाही ऱ्हायनं का?" मी काही तरी शहाण्यासारखं बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं, "मोटर लागेल." सरांनी विचारलं, कसली मोटर. मग मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, चारची लाईट, पाचची मोटर, पडदा काळा होणं. ऐकून ते हसले नाहीत. चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे. वारा कोठे गया?" वारा मी धरलाच नव्हता. घरी दोन वर्षं बंद करून ठेवलेला वारा. मागून वारा म्हणजे विमान जमिनीवरून दीडशेच्या वेगानं पळणार, अठरा मैल लवकर संपणार, आणि उतरायला वेळ कमी पडणार. हे मला आत्ता कळलं, आणि आता कळून उपयोग काय. सरांनी आबांकडे पाहिलं. "भाऊ, मी सगळ्यांना दुसऱ्यांदा करू देतो. पहिल्यांदा हात थरथरतातच. पण मघाशी तुम्ही म्हणालात, हिची चाचणी एकदाच."

मी मागे वळले नाही. वळायची हिंमत नव्हती. जळगावची बीएस्सी, मामाकडे जाणारा कॉम्प्युटर, सगळं त्या गोठलेल्या पडद्यावर दिसत होतं. स्टूल कुरकुरलं. आबा उठून डब्याच्या दाराशी आले. "सर," ते म्हणाले, "ही घाई तिची नाही. माझ्या मोटरीची आहे." मग मला म्हणाले, "उजे, मी पाचला मोटर कधी लावलीच नाही. तुझं विमान उतरलं की लावायचो. स्टार्टरपाशी उभा असायचो मी, खिडकीखाली. दोन वर्षांत तू वर असताना एकदाही बटण दाबलं नाही." मी त्यांच्याकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते, लाल पट्टीतल्या काट्याकडे बघत होते. "मला वाटलं, तुझा स्वभावच असा उतावळा. माझ्या भीतीनं पळतेस हे मला काय माहीत." मग सरांना म्हणाले, "करू द्या परत. अट माझी होती, मीच मोडतो."

मी आजवर कितीतरी विमानतळांवर उतरले, वाईट हवेत उतरले, पण त्या दिवशीच्या त्या मिनिटाइतकी मी कधी हादरले नाही. सरांनी विमान परत आठ हजारांवर नेऊन ठेवलं. मी नियम डोक्यातून काढून टाकला. किती लांब आहे ते कशाला, पोचायला किती वेळ लागेल ते बघायचं. डाव्या हाताचा अंगठा पेरांवर ठेवला आणि शेवटापासून मागे यायला लागले. सहा हजार फूट, मिनिटाला सहाशे, म्हणजे उतरायला दहा मिनिटं. वाऱ्यासकट विमान मिनिटाला जाणार अडीच मैल. दहा मिनिटांत पंचवीस. अठरा नाही, पंचवीस मैलांवर निघायचं. पंचवीस आले, नाक खाली केलं. आणि मग ती दहा मिनिटं मला नुसतं बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, हेच भयंकर होतं. पाय नाचायला लागले की मी स्वतःला सांगायचे, उजे, आबा मोटर लावणार नाहीत, उजे, आबा उभे आहेत. तसे ते खरंच मागे उभे होते, स्टुलावर परत बसलेच नाहीत. विमानतळ खाली सरकला तेव्हा काटा दोन हजारांच्या जरासा वर होता. सरांनी कागदावर काही लिहिलं आणि म्हणाले, "जूनमा ये. वही लई ये." एवढंच. मग आबांना विचारलं, "भाऊ, ही पेरांवर काय मोजत होती?" आबा म्हणाले, "केळी."

परतीच्या एसटीत मी भांडण काढलं. आनंद झाला की भांडायची माझी जुनी खोड. म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? दोन वर्षं मी जीव मुठीत धरून उतरवतेय. आबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तू दोन-दोन तास वरच राहिली असतीस. केळीनं काय प्यायचं?" एरंडोल मागे गेल्यावर मी विचारलं, पण तुम्हाला बाहेरून कळायचं कसं, उतरलं का आदळलं का अजून वर आहे ते? आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मला त्या आवाजातलं काय कळणार. अक्काला सांगून ठेवलं होतं. धप्प झालं की मोठ्यानं विचारायचं, माणसं वाचली का म्हणून. तू काही तरी बोललीस की मी बटण दाबायचो." मी खिडकीकडे तोंड करून बसले ती जळगाव येईपर्यंत. रडू आवरत नव्हतं आणि आबांना ते दिसू द्यायचं नव्हतं. त्यांना दिसलंच असणार.

दुसऱ्या दिवशी चारला वीज आली. मी त्या दिवशी वेळ चौपट पळवली नाही, वाराही चालू ठेवला. इंदूरहून निघाले आणि सावकाश, जशी विमानं जातात तशी गेले. पाच वाजून गेले, सव्वापाच झाले, साडेपाच. मी अजून तापीच्या अलीकडेच. खिडकीतून मान काढून पाहिलं तर आबा स्टार्टरपाशी उकिडवे बसले होते, हातात विडीचं थोटूक, नजर बागेकडे. उन्हानं केळीची पानं मधोमध दुमडून खाली लोंबली होती. अशी ती रोजच लोंबत असणार, या वेळी, माझ्यासाठी. मी कधी बघितलंच नव्हतं. खुर्चीत परत येऊन बसले. विमान आठ हजार फुटांवर होतं आणि समोर निळी रेघ यायला लागली होती. अक्का सूप पाखडत होती. धप्प झालेलं नव्हतं, म्हणून ती गप्प होती.

"अक्का," मी म्हटलं, "विचार ना."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या विमानाकडे. सूप खाली ठेवलं आणि खिडकीच्या दिशेनं मोठ्यानं विचारलं, "काय वं उजे, माणसं वाचली का?"

"वाचली," मी ओरडून सांगितलं.

बाहेर 'खट्ट' झालं. बल्ब पिवळा पडला, पडदा काळा झाला, आई आतून म्हणाली, "लागली वाटतं." मी उठले नाही. ठिबकच्या नळ्यांत पाणी शिरल्याचा आवाज बागेच्या पार टोकापर्यंत जाईस्तोवर तिथेच बसून राहिले.